शामलेच्या घरचं पाणी

८ मे १९३३, रायपूर
अकोल्याच्या लग्नाला जायचं नक्की. नागपुरात गाडी बदलायची. पहिली सकाळी पोचते, दुसरी रात्रीची. अख्खा दिवस मोकळा! अर्धी नोकरी नागपुरात झाली, सारं गाव ओळखतं. प्रोग्राम: जुन्या ऑफिसातल्या गोपाळरावाकडे जेवण, तिथेच वाळ्याच्या ताट्यांमागे झोप, संध्याकाळी तलावावर फेरी.
शामलेकडे जाणार नाही. पोटची मुलगी असली म्हणून काय झालं? दीड वर्षापूर्वी लग्नानंतरचा पहिला दिवाळसण, आणि जावई कळवतो, रजा नाही. तेव्हाच बजावलं, या घरात दोघांचं नाव निघता कामा नये. आजवर निघालेलं नाही. प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल.

९ मे
हिने शामलेसाठी गाठोडं बांधून दिलं. आत काय, विचारलं. म्हणाली, असंच घरगुती, तुम्हांला काय करायचंय. बरं, दारातूनच देईन. आत जावं लागलं तरी पाणी घेणार नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आमची रीत. माझा राग आणि रीत एकाच बाजूला आहेत, हे फार सोयीचं. सांगितलं तर ही गाठोडं आपटून आत गेली. गेल्या कार्तिकात महिनाभर भंडाऱ्याला भावाकडे जाऊन राहिली. मी हाताने पिठलं शिजवून खाल्लं. एक शब्द बोललो का?

१० मे, नागपूर. सकाळ
हिने कळवलं असणारच, म्हणजे जावई स्टेशनवर येणार. ओळख द्यायची नाही असं ठरवून फलाटावर दोन चकरा मारल्या. आला नाही. वाचला.

दुपार, धंतोली
गोपाळरावाच्या दाराला कुलूप. शेजारच्या प्रयागबाई म्हणाल्या, उन्हाळ्यात साहेबांचं ऑफिस पचमढीले जाते, तेही संगं गेले. वर म्हणतात, "तुमी तं नागपूरचेच म्हणता, अन् हे माहीत नाही?"
मला माहीत नाही! त्या ऑफिसच्या पेट्या दर उन्हाळ्यात मी बांधल्या आहेत. यंदा लक्षात राहिलं नाही, इतकंच. बाईंनी पाणी विचारलं. नको म्हटलं. मी काय पाणी मागायला आलो होतो?
ऊन मरणाचं. पोटात काही नाही. टांगा दिसत नाही. गाठोडं वागवत फिरण्यापेक्षा देऊन टाकावं, म्हणून महाल भागात शामलेकडे निघतो. तहानेचा याच्याशी संबंध नाही.

संध्याकाळ, वेटिंग रूम
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
शामलेने दार उघडलं. वाकून नमस्कार केला. वाळली आहे. मी ओसरीवरच बसलो. तिने तांब्या-भांडं पुढे ठेवलं. मी रीत सांगितली. तिने खाली बसून गाठोडं सोडलं. झबली, टोपडी, एक कुंची. हे कोणाचं, म्हणून मी विचारलं.
"तुमच्या नातवाचं, बाबा. कार्तिकात झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण माहेरात माझं नावच काढायचं नव्हतं. आईच इथे येऊन राहिली महिनाभर. प्या पाणी. आता चालतं तुम्हांला."
म्हणजे भंडारा नव्हताच. साऱ्या जगाला ठाऊक, मला सोडून. मला फसवलं, याचा भयंकर राग आला. राग आला तेच बरं झालं, नाहीतर दुसरंच काही आलं असतं, आणि तेही जावयासमोर. मुकुंद मुलाला घेऊन बाहेर आला होता. त्याने मूल माझ्यापुढे धरलं. कान माझ्यासारखे आहेत.
मी म्हटलं, गाडीची वेळ झाली. गाडी रात्रीची, हे त्यांना ठाऊक होतं. शामला थांबा म्हणाली नाही. पाणी तसंच राहिलं.
परतीच्या वाटेवर नक्की उतरेन. थंड डोक्याने, दोन शब्द सुनावून, मग मुलाला घेईन. ठरलं.

१२ मे, अकोला
परतीला थेट गाडीचं जमतंय. तेच बरं. उन्हात उगाच उतराउतर नको.
पंगतीत वरबाप शेजारी बसले होते. नातवंडं किती, म्हणाले. एक, मी जरा ताठ बसून सांगितलं. वा, नाव काय ठेवलं?
ते विचारायचं राहिलं होतं.