कोरी नजर

बीड, रंगारगल्ली
आश्विन वद्य पंचमी

प्रिय साखरे,

धर्मापुरीहून निघताना तू बजावलं होतंस, अक्का, दिसेल ते सगळं लिही, काही गाळू नकोस. आता बैस वाचत. गाळावं असं इथं काही दिसतच नाही.

तुझ्या दाजींच्या जमिनीच्या खटल्याची तारीख चार दिवसांत उरकायची होती. आलो तर साहेब दौऱ्यावर. साहेब परतले तर पेशकार तापानं आडवे. आता तारीख पडलीय थेट तुळशीच्या लग्नानंतरची. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून या गल्लीतल्या एका माडीवर खोली घेतली. दाजी रोज कपाळाला हात लावतात, कुठल्या गलबल्यात बायकोला आणून टाकलं म्हणून. बायको मात्र भलतीच खूश आहे!

पहिल्या सकाळी खिडकी उघडली आणि मी तशीच उभी राहिले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर ओले फेटे, लुगडी, पागोटी. लाल, केशरी, निळं, मोरपंखी. आभाळ दिसेचना. खालून माणसं वाकून येत-जात होती आणि त्यांच्या डोक्यावर रंगाचे थेंब टपटपत होते. पाणी आणायला उतरले तर माझ्याही पदरावर निळे ठिपके पडले. मी रडकुंडीला आले, तर समोरच्या ओट्यावरचा म्हातारा म्हणतो कसा, “गल्लीनं टिळा लावला तुमाला, बाई. आता तुमी आमच्या.” मनात आलं, हे ठिपके तुझ्या लुगड्यावर पडले असते तर छबुआत्यानं घर डोक्यावर घेतलं असतं.

आणि चालणं! आपल्याकडं देवळापर्यंत जायचं तरी संगतीला कुणी लागतं, आणि परतल्यावर आत्याची उलटतपासणी आहेच. इथं पदर डोईवर घ्यायचा आणि निघायचं. रंगारगल्ली संपते तिथं कासारांची दुकानं. पुढं छागली शिवणारे बसतात. छागल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी. उन्हात टांगली की पाणी घागरीहून गार होतं म्हणे. त्याच्या पलीकडं गुप्त्या करणारा. वरून साधी काठी. त्यानं मूठ ओढली आणि आतून लखकन पातं निघालं. मी दोन पावलं मागं सरले आणि तो पोटभर हसला. मग बिंदुसरेचा काठ. वाळूवर नुकतं रंगवलेलं कापड दूरवर पसरलेलं असतं, आणि धुणाऱ्यांच्या पायांशी पाणी तांबडं होऊन वाहतं. सारं हाताशी, पायाखालचं. पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ बघितलं तेव्हा आपलं धर्मापुरीचं देऊळ आठवलं, आणि त्याच्या पायरीवर बसून तासन्‌तास काहीबाही बघणारी तू आठवलीस.

आता खरी गंमत सांगते. दुसऱ्याच दिवशी एका बाईनं मला वाटेत धरलं. तिचं नाव भिवराबाई, आमच्या समोरच तिचे रंगाचे हंडे आहेत. दोन हातांत दोन ओले फेटे धरून ती म्हणाली, “तू वाटसरू हायेस न्हवं? मंग सांग, यातला लई लाल कंचा?” मला वाटलं थट्टा चाललीय. पण थट्टा नव्हती. दिवसभर हंड्यावर वाकून यांचे डोळे रंगानं भरतात, मग दोन्ही लाल यांना सारखेच दिसतात. वऱ्हाडाचे फेटे तर एकाच रंगाचे हवेत, नाहीतर ज्याच्या डोक्याला फिका येतो तो पंगतीत रुसून बसतो. म्हणून गल्लीची रीतच आहे, हंडा उतरला की परगावचं पहिलं माणूस दिसेल त्याला थांबवायचं. त्याला हे लोक कोरी नजर म्हणतात. मी भीत भीत उजवीकडचा दाखवला. तिचे दीर तात्याबा यांनी एका शब्दानं न विचारता डावा फेटा परत हंड्यात सोडला. माझ्या बोटावर! घरात मला आमटीत मीठ किती हेसुद्धा कुणी विचारत नाही, साखरे. त्या दिवशी मी जमिनीवर नव्हतेच.

आता मला कुणी विचारत नाही. परवा भिवराबाईनं पुन्हा दोन लाल पुढं धरले आणि मी नुसती बघत राहिले, काही कळेना. ती हसून म्हणाली, “भरले तुजे बी डोळे.”

इथपर्यंतचं आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव. आत्यालाही ऐकू दे. पुढचं गोठ्यात जाऊन एकटीनं वाच.

भिवराबाईचा नवरा प्लेगात गेला. ती तुझ्यासारखंच पांढरं नेसते. पण साखरे, तिचे हात कोपरापर्यंत लाल आहेत. न राहवून मी विचारलं, लोक बोलत नाहीत का? ती म्हणाली, “बोलत्यात की. धुऊन जात न्हाई त्याला मी काय करू? मालक गेले म्हनून चूल कावून इझवू?” मी माडीवर आले आणि तुझ्यासाठी रडले. तुला माझ्या शालूची घडीसुद्धा आत्या घालू देत नाही. लग्नघरात तुला मागच्या खोलीत बसवतात. आणि तू तर ती, जी तिन्हीसांजेला गावाची गुरं परतताना दोन तांबड्या गायींतली आपली कोणती ते ओट्यावरून सांगायचीस. भिवराबाईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सहा वर्सं रंग बघितला न्हाई? आसली नजर आख्ख्या बीडात न्हाई. आन तिला.” दाजी आधी भडकले, देशमुखांची लेक रंगाऱ्याच्या दारी म्हणून. मग सकाळी म्हणाले, बोलव. दिवसभर एकटीला करमत नाही, सोबत हवी, असं मी आप्पांना कळवीन. ते नाही म्हणणार नाहीत. पण आधी मला तुझं हो हवं. पत्रात दोन लाल चिंध्या ठेवल्यात. यांच्यावरून दीर-भावजय कालपासून भांडताहेत. अंगणात, भर उजेडात, हातात घेऊन बघ. आत्या बघेल, बघू दे. जी गडद वाटेल ती रामहरी गाडीवानाच्या हाती परत पाठव, तो येत्या बाजाराला इकडं येतोय. चिंधी आली की मी समजेन, तू येतेस. आठ-दहा दिवसांत तुझेही डोळे भरतील, मग तुलाही कुणी विचारणार नाही. तेव्हा हात घाल हंड्यात. भरू देत डोळे, साखरे. एकदा पुरते भरू देत.

तुझीच,
निळ्या ठिपक्यांच्या पदराची,
अक्का