पापलेटच्या दिवशी शेनिन

१२ नोव्हेंबर
नारळाच्या दुधात पापलेट केलं. उकळी फुटताच वास आला. शेनिनचा, त्या पांढऱ्या वाइनचा. पेरू, थोडं ओलं गवत. तोही कुवेतमध्ये, फहाहीलच्या सहाव्या मजल्यावर, जिथे वाइनचा थेंब सापडला तरी थेट घरी रवानगी. गेल्या वर्षीच्या तापात नाक गेलं ते आजवर फोडणीसुद्धा कळत नव्हती. आनंदाने मिलिंदलाही वाफ हुंगायला लावली. मिलिंद म्हणाला, मला तर फक्त मासळीचा येतोय. त्याला काय, माळकरी घरातला नवरा, उभ्या जन्मात बाटलीचं बूच हुंगलेलं नाही.

१५ नोव्हें.
काळ्या मसाल्याचं मटण. आज शिराझ, लाल वाइन. मिरी नि जांभूळ. म्हणजे पातेल्यात जे आहे त्याला साजेशा वाइनचाच वास येतो.  बाकी कशाचाच वास नाही अजून, मटणाचासुद्धा.

१६ नोव्हें.
दिंडोरीहून सरांचा फोन. त्यांच्या वाइनरीत सात वर्षं वाइन चाखायचं काम केलं. मळ्यावर आता विषारी फवारणी पूर्ण बंद. ओळींमध्ये ताग, मुळांना जीवामृत, वाइन सालीवरच्याच यीस्टवर. पाहुण्यांना सोबत गावचं जेवण द्यायचंय, कशाबरोबर कुठली वाइन ते ठरवायला मी हवी. काढणीच्या आत ये म्हणाले.
"नाक ठीक आहे ना तुझं?"
खोटं बोलायला जीभ रेटेना. महिनाअखेर कळवते म्हटलं. जायचंय मला. फार जायचंय.

२० नोव्हें.
मी शिजवायला लागले की वास समोरच्या बंद फ्लॅटमधून येतो. दाराच्या फटीशी वाकून पाहिलं, तिथे जास्त. आत कोणी चोरून वाइन करत असेल तर पोलीस आमचंही दार वाजवणार. मिलिंद चिडला, कुणाकडे बोलू नकोस, इकामा, इथला राहण्याचा परवाना, रद्द होऊन दोघं घरी बसू. खरंय त्याचं. पण आत कोणीच नसेल तर? मग माझं नाक मला वाट्टेल ते सांगतंय. असलं नाक घेऊन सरांकडे कोणत्या तोंडाने जाऊ?

२३ नोव्हें.
आमच्या बिल्डिंगच्या हारिसकडे, म्हणजे रखवालदाराकडे, सगळ्या किल्ल्या असतात. घरी रस्सा उकळत ठेवला आणि गळतीचं निमित्त काढून तो फ्लॅट उघडवला. रिकामा. नळ कोरडे, फरशीवर धूळ, धुळीत एक पाऊल नाही. आणि वास इतका, की डोळे मिटले तर मी सरांच्या तळघरात. हारिस म्हणाला, "इधर दो साल से कोई नहीं, मॅडम." मग विचारलं, आप रो क्यों रही हो. मला कळलंही नव्हतं.

२६ नोव्हें.
दुपारी मुद्दाम चूल बंद. विकतची खुबूस रोटी आणि दही. वास नाही. संध्याकाळी कोथिंबीर वडी तळली, लगेच पांढऱ्या सोव्हिन्योंचा वास. घाबरले, पण निवड अचूक होती. मीही तीच बाटली काढली असती. भीतीपेक्षा निवडणाऱ्याचा हेवाच जास्त वाटला. या वासाच्या भरवशावर सरांना हो सांगणार.

३० नोव्हें.
भरली वांगी. थांबले. काहीच नाही. झाकण काढून वाफेत तोंड घातलं. वांग्याचा नाही, वाइनचा नाही, कशाचा नाही.
मिलिंद मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून कामावरून आला आणि बूट काढता काढता दारातच थबकला.
"द्राक्षं आंबल्यासारखा वास कसला गं? मिरीपण आहे त्यात."
कुठून येतोय विचारलं. समोरच्या दाराकडे त्याने पाहिलंच नाही. सरळ आत आला, कढईवर वाकला.
"वांग्याबरोबर चांगलं जाईल हे," म्हणाला.
सरांचा फोन वाजतोय. मिलिंद म्हणतोय, घे ना.