बॉयलर बंद झाला तरी चालेल का?

३ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. सवयीने लिहितोय, मनापासून नाही.

तुझा फोन दोनदा कापला. तुझा आवाज ऐकला की मला धड रागावता येत नाही, म्हणून कागद घेतला. आज पहिल्या पाळीला गेलो तर फाटकाजवळच्या फळ्यावर वर्तमानपत्राचं कात्रण लावलेलं. त्यात तू. गळ्यात ओळखपत्र, कोणाच्या तरी दारात उभी, आणि बत्तिशी दिसतेय. वर मथळा असा की वीजकेंद्रांच्या कार्बनवर सरकारने मर्यादा घालावी असं दहांतल्या सात लोकांना वाटतं. क्रेनवाल्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं की सेक्रेटरीसाहेब, ही तुमच्याच घरातली ना? मी नाही म्हणालो असतो, पण नाक सारखंच आहे.

तू शहरात लोकांची मतं गोळा करतेस, त्याचा पगार घेतेस, ठीक आहे. पण तुझ्या त्या मर्यादेचा अर्थ मी तुला सांगतो. प्रत्येक वीजकेंद्राने हवेत किती कार्बन सोडायचा याला सरकार एक रेघ आखणार. आमचा एक नंबरचा बॉयलर सगळ्यात जुना. तो त्या रेघेखाली कधीच येणार नाही. म्हणजे तो बंद. त्याच्यावर मी फोरमन आहे आणि त्याच्यावर जगणाऱ्या माणसांच्या युनियनचा सेक्रेटरी आहे. तुझे सात जण खुर्चीत बसून हो म्हणाले, त्यांचं काय जातंय?

प्रश्न गुळगुळीत विचारला की उत्तरही गुळगुळीत येतं. हिंमत असेल तर आमच्या वसाहतीत ये आणि सरळ विचार की एक नंबरचा बॉयलर बंद झाला तरी चालेल का. मग छाप तुझा फोटो.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. सध्या आपल्यात तो शिल्लक आहे की नाही ते बघावं लागेल.

दादा

*

९ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू लहानपणी खेळात हरायला लागलास की पट उधळायचास, त्याचीच आठवण झाली. पण या वेळी पट मी धरून ठेवणार आहे.

येते मी. प्रश्नही तुझाच विचारते, तुझ्याच शब्दांत, एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. अट एकच. माझ्याबरोबर दारोदार फिरायचं नाही. युनियनचा सेक्रेटरी मागे उभा असताना कोण खरं बोलेल? तुला माणसांचं मत हवंय की हजेरी?

तू लिहिलंस की त्यांचं काय जातंय. गेल्या उन्हाळ्यात आम्ही इस्पितळांतून माहिती घेत होतो. उन्हाचा झटका आलेल्यांना ठेवायला खाटा नव्हत्या, व्हरांड्यात माणसं होती. एक गवंडी मला पत्ता सांगता सांगता थांबला, कारण त्याला आपलं घर आठवेना. तुमच्या धुराड्यातून राख येत नाही हे मला माहीत आहे, ती तुम्ही आत अडकवता आणि त्याचा तुला अभिमान आहे. कार्बन अडकत नाही, दादा, आणि उन्हाळा तोच तापवतोय. तो दिसत नाही, वास येत नाही, म्हणून तुला वाटतं आम्ही शहरात बसून भूत उभं केलंय.

मी अतिथिगृहात उतरेन. तुझ्याकडे उतरले तर लोक म्हणतील घरचा मामला आहे. आणि खरं सांगायचं तर कापलेला फोन अजून कानात वाजतोय.

वहिनींना नमस्कार. आपल्यातला लोभ तू बघत बस, माझ्याकडचा मी सांभाळलाय.

तुझीच,
भिंगरी

*

२४ मार्च

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी कामावर, वसाहतीच्या पाळणाघरात, मुलं झोपल्यावर लिहितेय. तुझ्या दादांना सांगितलेलं नाही.

तू चार दिवस वसाहतीत फिरलीस. आदल्या संध्याकाळी ह्यांनी घरोघरी निरोप धाडला होता की बाई आली तर पाणी द्या, मत देऊ नका. तरी लोक बोलले म्हणे. वेल्डरची बायको तर तुला तासभर सोडत नव्हती असं ऐकलं. आणि तू आमच्या दारावरून दोनदा गेलीस. मी खिडकीत उभी होते. हे आत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. ते वाचत नव्हते हे मला कळत होतं, कारण पान उलटत नव्हतं.

तुझा राग ह्यांच्यावर, हे समजू शकते. पण सगळी दारं वाजवलीस आणि आमचंच वगळलंस, याचा मला राग आला आहे. त्या घरात काय एकच माणूस राहतं?

तू विचारलं नाहीस म्हणून आता न विचारता सांगते. पाळणाघराला पत्र्याचं छप्पर आहे. मागच्या मे महिन्यात दुपारी वेल्डरची धाकटी खेळता खेळता गप्प झाली. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघेना. तिला ओल्या चादरीत गुंडाळून मी दवाखान्यापर्यंत पळाले. पायात काही नव्हतं आणि तळवे भाजले ते दुसऱ्या दिवशी कळलं. पोरगी वाचली. तेव्हापासून उन्हाळा जवळ आला की मी पाण्याच्या बादलीशेजारी एक चादर घडी करून ठेवते. ह्यांना मी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, पंखे वाढवून घेऊ. घेतलेही. गरम हवा जोरात फिरते एवढंच.

तर माझं मत काय ते तू समजून घे. मोजायचं राहिलं आहे.

तब्येत सांभाळ, उन्हात हिंडू नकोस.

तुझी वहिनी

*

१ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

छापून येण्याआधी तुला कळवतेय, म्हणजे फळ्यावर वाचायची वेळ येणार नाही.

तुझ्या प्रश्नाने पाठिंबा कमी झाला. तू म्हणाला होतास तसाच. शहरात दहांतले सात होते, वसाहतीत साडेपाच. पण निम्म्याच्या वरच, दादा. बॉयलर बंद झाला तरी मर्यादा हवी असं तुझ्या बॉयलरवर जगणाऱ्या निम्म्याहून जास्त घरांनी सांगितलं.

नुसतं हो कोणी म्हणालं नाही. प्रत्येक हो-ला शेपूट होतं. हो, पण दुसरीकडे काम मिळालं पाहिजे. हो, पण घर काढून घेऊ नये. हो, पण आमच्यापासूनच सुरुवात का. कोण काय बोललं ते सांगणार नाही, विचारू नकोस.

नातेवाइकांची मतं घेता येत नाहीत, म्हणून तुझं दार वाजवलं नाही. हा नियम आहे, राग नाही. थोडा राग होता.

लोभ ठेव, रागासकट.

भिंगरी

*

७ एप्रिल

भिंगरीस,

आशीर्वाद वगैरे या खेपेला नाहीत.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी हॉलमध्ये सभा लावली. घरच्यांनाही बोलावलं. मी उभा राहून विचारलं, या बाईला हो कोण म्हणालं, त्याने हात वर करावा. एकही हात नाही. मी म्हटलं, बघा, शहरातून येतात आणि आपल्या तोंडात शब्द घालून जातात. टाळ्या पडायला लागल्या होत्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर गेला. बांगड्यांवरूनच ओळखला. तुझी वहिनी.

मी म्हणालो, तुला कोणी विचारलं नव्हतं. ती उभी राहून म्हणाली की म्हणूनच आता सांगते. एवढंच बोलून बसली. मग वेल्डरने हात वर केला. मग त्याची बायको. मग तो क्रेनवाला, ज्याने फाटकावर माझी अब्रू काढली होती, तोही! माझ्याकडे न बघता, छताकडे बघत. नंतर मी मोजलं नाही. मी व्यासपीठावर एकटा उभा, आणि समोर माझीच माणसं हात वर करून, जसं काही मी त्यांना पकडलंय.

घरी आलो तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. चहा ठेवला आहे, किल्ली घेतली का, एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात तिने एकदाही चारचौघांत माझा शब्द खाली पाडला नव्हता.

तू घरं मोजायला आली नव्हतीस, फोडायला आली होतीस. मी बोलावेपर्यंत इकडे पाऊल टाकू नकोस.

दादा

*

१३ एप्रिल

ती. दादास,

सा. न. तुला नको असला तरी.

वहिनींना मी विचारलं नव्हतं. सभेत, सगळ्यांसमोर तू विचारलंस. तुला उत्तर आवडलं नाही तर माझ्यावर कशाला फेकतोस?

फोडायला आले म्हणतोस. ती लहान मुलगी वहिनींच्या पाळणाघरात गप्प झाली तेव्हा मी तिथे नव्हते, तू मात्र तिथून हाकेच्या अंतरावर होतास. आणि तू पंखे आणलेस.

आता कामाचं. सरकारचा मसुदा मी पुन्हा वाचला. त्यात कार्बनची रेघ आहे, तारखा आहेत, दंड आहे. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसांबद्दल एक ओळ नाही. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. तुझ्या लोकांनी हो-ला जी शेपटं जोडली ती तिथे कोणीतरी मांडायला हवीत. मी मांडू शकत नाही, मी फक्त मोजणारी. युनियनच मांडू शकते. पण युनियनचा सेक्रेटरी रुसून बसलाय.

यावर रागाव, फाड, काहीही कर. पण सुनावणीला जा.

भिंगरी

*

२६ मे

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. हे ह्यांना न सांगता नाही, सांगून लिहितेय. ते म्हणाले, तुझं पत्र, तुझा हात, मला काय विचारतेस. म्हणजे परवानगी आहे.

तुझं पत्र ह्यांनी फाडलं. मग तुकडे जुळवून वाचलं. पुढचे काही दिवस जेवण झालं की पंख्याखाली बसून लिहायचे, तुझ्या नावाने बोटं मोडायचे आणि पुन्हा लिहायचे. एकदा मला विचारलं की पाळणाघरातल्या बायकांचं काम गेलं तर त्यांना कुठल्या मागणीत धरायचं. त्या सभेनंतर ते माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य.

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. समोर तीन अधिकारी. ह्यांचा नंबर आला तेव्हा हे उठून म्हणाले की माझा या मर्यादेला विरोध आहे. बॉयलर मी सांभाळलाय, तो बंद व्हावा असं मला वाटत नाही आणि कधी वाटणार नाही. मला वाटलं, झालं, आता बसतील. बसले नाहीत. म्हणाले, पण मी इथे माझ्यासाठी आलेलो नाही. माझ्या लोकांना ही मर्यादा हवी आहे. निम्म्याहून जास्त जणांना. आणि ती हवी असूनही त्यांना भीती आहे. मग एकेक करून सगळं मांडलं. दुसऱ्या केंद्रात काम मिळेपर्यंत पूर्ण पगार, घर काढून घ्यायचं नाही, पाळणाघरवाल्याही त्यात धरायच्या.

मधल्या अधिकाऱ्याने गोंधळून विचारलं, मग युनियनचा पाठिंबा लिहू की विरोध? हे म्हणाले, माझा विरोध लिहा आणि युनियनचा पाठिंबा लिहा, मी दोन्हींवर सही करतो. मागे कोणीतरी हसलं. ह्यांनी वळून असं पाहिलं की हसू तिथेच विरलं.

परत येताना गाडीत शेजारी बसले. खिडकी मला उघडता येत नव्हती ती उघडून दिली.

सुखी राहा.

तुझी वहिनी

*

१९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

मर्यादा लागू झाली हे तुला आमच्या आधी कळलं असेल. आमच्या मागण्यांपैकी पगाराची आणि घराची धरली. पाळणाघराची सोडली. तुझी वहिनी त्यासाठी आता स्वतः भांडतेय आणि मला मसुदा लिहायला बसवते.

काल एक नंबर बंद केला. त्यासाठी बाहेरून एक तरुण इंजिनिअर आला होता, चांगला मुलगा, पण मी त्याला हात लावू दिला नाही. कोळसा हळूहळू कमी केला. काचेतून जाळ पिवळा दिसत होता, मग लाल, मग नुसता भट्टीचा रंग, मग तोही नाही. पोरं टोप्या काढून उभी होती. मी ओरडलो की कोणी मेलेलं नाही, कामाला लागा. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

बाहेर आलो तर सगळी वसाहत रस्त्यावर. बॉयलरची घरघर आम्हाला कधी ऐकूच येत नव्हती, ती थांबली तेव्हा कळलं की एवढी वर्षं ती चालू होती. क्रेनवाल्याच्या आईला वाटलं वीज गेली. पण वीज गेली नव्हती. घराघरांत दिवे लागलेले होते, नेहमीसारखे. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. निदान एकदा मिणमिणायचे तरी होते.

तुला आनंद व्हावा म्हणून हे लिहीत नाही. तुझं म्हणणं पटलं असंही समजू नकोस. पुन्हा मतं घ्यायला आलीस तर मी विरोधातच सापडेन, आणि या वेळी दार वाजव, नियम गेला खड्ड्यात.

पुढच्या महिन्यापासून मला दुसऱ्या केंद्रावर जायचं आहे. त्याआधी येऊन जा. आमच्याकडेच उतर. जेवताना कार्बनचं नाव काढायचं नाही, काढलंस तर मी ताटावरून उठेन आणि तुझी वहिनी मला पुन्हा बसवेल.

आशीर्वाद आहेत. माफी अजून नाही.

दादा