शुक्रवारी दाखवलेले घर

वज्रेश्वरी
दि. ८-२-१९८९

ती. चंपाआत्यास विशाखाचा सविनय जयभीम, वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत. आबा जूनअखेर निवृत्त होतील आणि दवाखान्याचे हे क्वार्टर सोडावे लागेल, हे तू जाणतेसच. आईचे भाऊ दौलतमामा भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला आहेत. त्यांनी तिथे एक घर पाहिले आहे. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, शिवाय स्वतंत्र नळ. मालक गुलाम हुसेन मवाळ बोलतात आणि किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी सांगतात. आबांचा सारा फंड त्यात जाईल. चूक झाली, तर दुसरे घर या जन्मी होणे नाही.

आम्ही ते दोनदा पाहिले. गल्ली इतकी शांत, की तिथे एम.ए.चा अभ्यास करताना मी मला दिसूही लागले. परंतु काही गोष्टी मनातून जात नाहीत. प्रत्येक फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली आहे. कपाटाची दारे सुतळीने बांधली आहेत. खिडकीला काच नाही, प्लाय आहे. मी विचारले, तर मामांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही; आईने विचारले तेव्हा म्हणाले, मांजरांमुळे असेल. शिवाय ते आम्हांला नेतात ते शुक्रवारीच. आबांनी रविवार सुचवला, तर जमत नाही म्हणाले.

मामांवर संशय घेणे मला शोभत नाही. म्हणूनच तुला लिहीत आहे.

माया आजवर केलीस तशीच पुढेही करावीस.
तुझी
विशाखा


नाशिकरोड
दि. १८-२-१९८९

चि. विशाखास जयभीम आणि अ. उ. आ.

बाई गं, मांजर कपाटाची दारे उघडत नाही, हे कळायला बी.ए. व्हावे लागत नाही. तुझ्या मामाला मी चांगली ओळखते. तू बी.ए. झालीस तेव्हाच्या सत्काराच्या जेवणात मी शेजारी बसून तीनदा मीठ मागितले, हा ढिम्म. बहिणीची नणंद म्हणून मान वळवायची नाही, असा तोरा! असा माणूस मेहुण्यासाठी फुकट घर शोधतो होय? दोन्हीकडून दलाली खात असेल. नाहीतर घरावर दावा असेल, कुणी जीव दिला असेल. स्वस्त ते उगीच नसते.

आबाला सांग, विसार म्हणून एक पैसाही आधी द्यायचा नाही. आणि तू मधल्या वारी एकटी जाऊन ये. बसमध्ये पुस्तक उघडू नकोस, नाहीतर कल्याणला उतरशील.

जिवाला जप आणि आत्याला विसरू नकोस.
तुझी
चंपाआत्या


वज्रेश्वरी
दि. १२-३-१९८९

ती. चंपाआत्यास सविनय जयभीम, वि. वि.

तुझे पत्र येण्यापूर्वीच आबांनी विसार देऊन टाकला होता. तरीही बुधवारी मी एकटी गेले.

गल्लीच्या तोंडाशीच पायांतून काहीतरी वर चढू लागले. घराला लागून जे बंद शटर आम्ही गोदामाचे समजत होतो, ते उघडे होते आणि आत रांगेने लूम धडधडत होते. घराची आणि त्या शेडची भिंत एकच आहे. मालकांच्या पत्नी खदीजाबी यांनी चहा दिला. मी कप खाली ठेवला, तर तो आपण होऊन टेबलाच्या कडेकडे निघाला. शुक्रवारी सगळ्या गावाला सुट्टी असते म्हणून शांत; एरवी दोन्ही शिफ्टला असेच, असे त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून सांगितले. किंमत कमी आहे ती याचमुळे. त्यांच्या पतीने हे जिन्यात उभे राहून मामांना सांगितले होते आणि मामांनी मान हलवली होती.

विसाराचे पैसे गुलाम हुसेन यांनी आपल्या नव्या जागेला भरले आहेत. दुसरे गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते परत करणे त्यांना शक्य नाही.

म्हणजे मामांना सर्व ठाऊक होते. तुझा संशय खरा ठरला. मी घरी सगळे सांगितले आणि मामांनी आपल्याला विकले, असेही बोलून गेले. आईने त्यानंतर भावाचे नाव काढलेले नाही. आबा अंगणात नुसते बसून असतात. मामांना मी रोखठोक पत्र पाठवले आहे.

या दिवसांत तुझा आधार राहू दे.
तुझी
विशाखा


भिवंडी
दि. १७-३-१९८९

चि. विशाखास मामाचा जयभीम.

तुझं पत्र वाचलं. दलाली घेतली न्हाय. शुक्रवारी मला सुट्टी असते, बाकी दिवशी ड्युटी सोडली तर खाडा पडतो. शेठ जिन्यात काहीतरी बोलले, मी मान हलवली. बाई, वीस वर्षं लूमवर काढली, मला आता जवळजवळ ऐकूच येत न्हाय. मुकादमाला कळलं तर काढतील, म्हणून बहिणीलापण बोललो न्हाय. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नि हां हां करायचं. तू तर ओठपण हलवत न्हाईस. मांजराचं मला खरंच वाटलं होतं.

चूक माझी हाय. ते घर मी घेतो. इथून जवळच राहनाळला माझी खोली हाय, ती तुम्ही घ्या, विसार तिच्या किमतीत धरा. लहान हाय, पण पत्रे नवे हायेत. चारी बाजूला गोदामं, आवाज न्हाय. शेठ तयार हायेत, या खेपेला लिहून घेतलं. तुझी मामी बोलते, लूमचं काय, तशीपण मी दिवसभर ओरडतेच.

आईला बोल, माझ्यावर राग धरू नको.
तुझा
दौलतमामा


वज्रेश्वरी
दि. ९-४-१९८९

ती. चंपाआत्यास सविनय जयभीम, वि. वि.

बहिरेपण फार सोयीचे निघाले आणि स्वस्त घर शेवटी त्यालाच मिळाले, असे तू लिहिलेस. खोटे कशाला सांगू, माझ्याही मनात प्रथम तेच आले. म्हणून मी राहनाळला निरनिराळ्या वारी जाऊन आले, शेजाऱ्यांना विचारले, आबांना कागद पाहायला लावले. खोली लहान आहे. माझे टेबल मावणार नाही. दुसरे काही वावगे सापडले नाही.

मग मी मामांच्या शेडपाशी गेले. शिफ्ट सुटली होती. मागून हाक मारली. ते वळले नाहीत. पुन्हा मारली. लहानपणापासून त्यांच्या याच न वळण्याला मी गर्व समजत आले. समोर जाऊन उभी राहिले. क्षमा मागण्यासाठी घरून नीट वाक्ये रचून नेली होती. त्यांतले एकही त्यांच्यापर्यंत पोचेना. ते माझ्या तोंडाकडे पाहत नुसती मान हलवत होते. तेव्हा भर गल्लीत मी ओरडले, की मामा, तुम्हांला ऐकू येत नाही हे मला कळले नाही, मला माफ करा.

बायका दारांत आल्या. मामांनी घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवला, कारण मुकादम समोरच चहा पीत होता. मी काय करून बसले हे मला तेव्हा उमगले. मुकादमाने कप खाली ठेवला आणि म्हणाला, की दौलतला ऐकू येत नाही हे साऱ्या शेडला ठाऊक आहे. तिथे ऐकू येते तरी कुणाला?

मामांना तेही ऐकू आले नाही. मला पुन्हा ओरडून सांगावे लागले.

जूनमध्ये राहनाळला ये. मामाही येणार आहेत. मीठ मागायचे झाल्यास मोठ्याने माग.

तुझ्या मायेची वाट पाहणारी
विशाखा