बर्फ संपतो तिथली जागा

पप्पा,

परवा ऑफिसात डबा खाताना सिमला-मनालीच्या गप्पा निघाल्या आणि कोणीतरी मला विचारलं, "तू पाहिलायस का कधी बर्फ?" मी पटकन हो म्हणाले. कुठे, असं विचारलं तेव्हा तोंडात घास होता म्हणून वाचले. दुपारभर ते खोटं टोचत राहिलं. संध्याकाळी अंबरनाथला उतरून पूल चढताना वाटलं, खोटं कसलं त्यात? पाहिलाय की. तुमच्या शेजारी बसून पाहिलाय. बुवापाड्यातल्या आपल्या वरच्या खोलीत, लोखंडी कपाट आणि ओटा यांच्या मधे जेमतेम मावलेल्या त्या टेबलावर.

तो कॉम्प्युटर आपण माझ्या परीक्षेच्या अभ्यासासाठी कॅम्प दोनच्या बाजारातून आणला होता, सेकंडहँड. दुकानातले सिंधी काका वायरी गुंडाळत म्हणाले, "अंदर एक गेम भी पड़ा है बेटी. बर्फवाला. मेरा लड़का खेलता था. अभी कॅनडा में है, सच्ची का बर्फ उठाता है फावड़े से." तुम्ही रिक्षात बसल्यावरही हसत होतात. मी मात्र घरी येईपर्यंत काळजीत. दुसऱ्याचा गेम आपल्याकडे कसा ठेवायचा, पुसून टाकायला हवा, उद्या कोणी विचारलं तर? तुम्ही म्हणालात, "अगं, काकांनी दिलाय ना सांगून? मग बघू तरी. डोंगर बघितला म्हणून कोणी पकडत नाही."

तुम्हाला तेव्हा जिना उतरणं जमेनासं झालं होतं. कंपनीतून आधीच घरी बसला होतात, चार पायऱ्यांत दम लागायचा, आणि डॉक्टर दर वेळी तेच सांगायचे, जमलं तर जागा बदला, तळमजला बघा, जरा मोकळी हवा बघा. तोपर्यंत चालणं म्हणजे दारापासून खिडकीपर्यंत. म्हणून त्या गेममधली बाई, पाठीवर तलवार, अंगात लोकरीचा अंगरखा, राज्य वाचवायला निघालेली, ती आपण दोघांनी राज्य वाचवायला कधी वापरलीच नाही. "मारामारी नको," तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, "नुसतं चालव तिला."

पहिल्या दिवशी सगळं पांढरं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "हे काय गं, चुन्याची गोणी फुटल्यासारखं. पुढे पण हेच आहे का?" मलाही तसंच वाटलं होतं. मग ती बाई घाट उतरायला लागली. उतरता उतरता बर्फ पातळ झाला, दगडांच्या सावलीत तेवढा उरला, मग देवदाराची झाडं लागली, त्यांच्याखाली काळी, ओली माती. तुम्ही पुढे वाकलात. "थांब, थांब. मागे वळव तिला." मागे डोंगर पांढराशुभ्र, पुढे हिरवं रान. "आता सांग, बर्फ नक्की कुठे संपला?" मला सांगता येईना. तुम्ही तिला पुन्हा वर न्यायला लावलंत, पुन्हा खाली. ती जागा काही सापडली नाही, आणि तुम्हाला त्याचा केवढा आनंद झाला होता.

त्यानंतर रोज दुपारी तुम्ही विचारायचात, "आज कुठे नेतेस?" मी नेत गेले. पांढऱ्या खोडांचं आणि पिवळ्या पानांचं एक रान होतं, तिथे पानं सतत गळत, तरी झाडं कधी उघडी पडत नसत. एका माळावर जमिनीतून वाफा येत आणि रंगीत पाण्याची डबकी उकळत असत, ते पाहून तुम्ही म्हणालात, "आलं आपलं एमआयडीसी. फक्त वास नाही." धुक्यातल्या दलदलीला तुम्ही आपल्या काळ्या नदीचं नाव ठेवलंत, वालधुनी. अगदी उत्तरेला समुद्र होता आणि त्यात बर्फाचे तुकडे दुधात कुस्करलेल्या भाकरीसारखे तरंगत. बर्फसुद्धा एकसारखा नाही हे मला तुम्ही दाखवलंत. शिखरावरचा कोरडा, वाऱ्यावर पिठासारखा उडणारा. गावाबाहेरचा गाड्यांनी तुडवलेला, चिखल मिसळलेला. आणि सकाळी सकाळी उतारावरचा निळसर, नीळ घातलेल्या सदऱ्यासारखा. आई ओट्याशी भाजी निवडत ओरडायची, "एवढं बर्फात फिरवू नको गं त्यांना, खोकला वाढेल." तुम्ही लगेच मुद्दाम खोकायचात. "बघा नाटकं," आई म्हणायची, "खरा खोकला आला की मात्र तोंड दाबून ठेवतात."

मग कळलं की त्या प्रदेशात जमीन घेऊन घर बांधता येतं. तेव्हापासून तुमचं फिरणं बदललं. तुम्ही जागा बघायला लागलात, आणि तीही अशी, जशी आपली माणसं बदलापूरला फ्लॅट बघायला जातात.

"पाणी आहे का जवळ?"

"समोर नदी आहे पप्पा."

"नदी दिसतेय मला. पिण्याचं विचारतोय."

"पप्पा, गेममध्ये तहान लागत नाही."

"तुला लागत नाही. तिला विचारलंस का?"

ऊन कुठून येतं ते कळावं म्हणून तुम्ही त्या बाईला एका टेकाडावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी ठेवायला लावायचात. गेममधला दिवस आपल्या तासाभरातच सरायचा. आपण दोघं चहा पीत तिच्याबरोबर उभे. शेवटी तुम्हाला एक जागा मनापासून आवडली. नदीचं वळण, एका अंगाला देवदाराचं रान, दुसऱ्या अंगाला ते पिवळ्या पानांचं, आणि मागे बर्फाचा डोंगर. "इथे बांध. इकडच्या खिडकीतून हिरवं, तिकडून पिवळं, आणि मागचं दार उघडलं की पांढरं. माणसाला अजून काय लागतं?"

मी म्हणाले, एवढ्यात नको. सगळे प्रदेश बघून घेऊ, मग ठरवू. नदीच्या वरच्या बाजूला डाकूंचा अड्डा होता, मी तो आधीच पाहून ठेवला होता. तुम्ही म्हणालात, "डाकू असतील तर असतील. सकाळी उठल्यावर काय दिसतं ते बघ." पण मी तुम्हाला पुढे नेलं. माळावर वाफा अंगावर येतात, नको. दलदलीत सूर्यच नाही, नको. समुद्राकाठी वारा फार. तुम्ही जागा बघत होता आणि मी जागा नाकारत होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटलं असतं.

ही तपासून बघायची सवय तुमचीच आहे. मी लहानपणी सारखी आजारी असायचे, बालवाडीत गेलेच नाही, माझी पहिली शाळा म्हणजे तो ओट्याखालचा फरशीचा तुकडा. तुम्ही पहिल्या पाळीहून येता, अंघोळ करता, पाटावर बसता, आणि माझ्या हातात पाटी देता. आई मागे पोळ्या लाटते आहे. मी बेरीज करून दाखवते. तुम्ही विचारता, "तपासलीस?" मी म्हणते, "बरोबरच आहे की." तुम्ही पाटी घेता आणि ओल्या फडक्याने सगळी पुसून टाकता. मी रडायला लागते तर म्हणता, "बरोबर असेल. पण तुला ते माहीत नव्हतं, तुला नुसतं वाटत होतं. मी वॉल्व्ह बंद केला असं वाटलं म्हणून गेट सोडत नाही. परत जातो, हात लावून बघतो, मग घरी येतो." आईला तुमचं हे पटलं नव्हतं. "पाच वर्षांची पोर आहे ती," ती म्हणाली, "कंपनीत नाही लावलेली." पण मला पटलं होतं. तेव्हापासून मी कुलूप ओढून बघते, गॅस बघते, पाठवलेला मेल उघडून पुन्हा वाचते.

आणि मग खरंच बदलापूरची ती जागा आली. तुमच्या कंपनीतल्या मित्राने सांगितली होती. पश्चिमेला, नदीच्या बाजूला, तळमजला. तुम्हाला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं, रिक्षा केली, आणि तुम्ही रस्ताभर लग्नाला निघाल्यासारखे बोलत होता. घर साधंच होतं. पण मागच्या गॅलरीचं दार एजंटने उघडलं आणि समोर रिकामं शेत, शेताच्या कडेला झाडांची रांग, त्यामागे चंदेरीचा डोंगर. तुम्ही गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहिलात. बराच वेळ. दम लागलेला नव्हता. मग माझ्याकडे न बघताच म्हणालात, "बाळा, ही तीच जागा आहे."

कोणती ते सांगायची गरज नव्हती. मी "आलेच" म्हणून बाहेर गेले. शेजारच्या जुन्या इमारतीच्या भिंतीवर एक मातकट पट्टा दिसला होता येताना, तो बघायला. जवळ जाऊन उभी राहिले. पट्टा माझ्या छातीपर्यंत आला. तिथल्या एका बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हां, आलं होतं पाणी. रोज थोडंच येतं?"

रिक्षात मी तुम्हाला सांगितलं. पाणी शिरलं तर तुम्हाला उचलून न्यायला कोण येणार, ऑक्सिजनचं मशीन कुठे ठेवायचं, वीज गेली तर काय. मी सगळं नीट, ओळीने सांगितलं. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तुम्ही बाहेर बघत विचारलंत, "तू स्वतः बघितलास पट्टा? हात लावून?"

"हो."

"मग झालं," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर मी किती जागा पाहिल्या. एक चौथ्या मजल्यावर, पण लिफ्ट सारखी बंद पडणारी. एक नीट चालणाऱ्या लिफ्टची, पण खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. एक सगळ्या बाजूंनी चांगली, पण दवाखाना लांब. प्रत्येक रविवारी मी घरी येऊन काय खटकलं ते सांगायचे आणि तुम्ही मान हलवायचात. दुपारी कॉम्प्युटर लावू का विचारलं तर म्हणायचात, "तू अभ्यास कर." एकदा मीच म्हणाले, चला, नदीच्या वळणावर घर बांधून टाकू आज. तुम्ही हसलात. "आता राहू दे. तिथे पण काहीतरी असेल." चिडून नाही म्हणालात. चिडला असतात तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

तुम्ही गेलात ते त्याच खोलीत, खिडकीकडे पाय करून. खिडकीबाहेर समोरच्या चाळीचे पत्रे.

पूर आला तो तुम्ही गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात. कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता. तीच गल्ली, तीच इमारत, तळमजल्याच्या खिडक्यांच्या गजांपर्यंत गढूळ पाणी, एक फ्रिज आडवा होऊन तरंगतोय. मी तो आईला दाखवला आणि म्हणाले, "बघ. मी सांगत होते ना?" माझा आवाज चक्क आनंदाचा होता. आईने फोन माझ्या हातात परत दिला. ती पौर्णिमेला विहारात जायला निघाली होती, पांढरी साडी नेसत होती, निऱ्या करता करता म्हणाली, "बरोबर होतीस गं. पण ते होते तोवर कुठे आलं पाणी?"

एवढंच. ती चप्पल घालून निघून गेली आणि मी कपाटाला टेकून उभी. मी इतकं तपासलं होतं, पप्पा. पाणी येईल का हे तपासलं, आणि ते येणार होतंच. पण ते कधी येईल आणि तुमच्यापाशी किती वेळ आहे, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नाही. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक थंडी आणि परत थोडा उन्हाळा तुम्ही त्या गॅलरीत काढला असतात. शेत हिरवं झालेलं बघितलं असतंत, पिवळं झालेलं बघितलं असतंत, डोंगरावर ढग उतरलेले बघितले असतेत. आणि कोरड्या पायांनी गेला असतात. मी चुकले असते तर माफी मागितली असती. बरोबर असल्याची माफी कशी मागतात ते तुम्ही शिकवलं नाहीत.

हे मी कुठे पाठवणार नाही. आईलाही दाखवणार नाही. म्हणूनच एक सांगून टाकते. गेल्या रविवारी मी बदलापूरला गेले होते. त्याच इमारतीत. तळमजला धुऊन, रंगवून पुन्हा विकायला काढलाय. एजंट वेगळा होता, तरुण, गॅलरीचं दार उघडून म्हणाला, "व्ह्यू बघा ना मॅडम, एकदम ओपन. राहणार कोण, तुम्ही का?"

मी म्हणाले, "नाही, माझे वडील."

"मग त्यांना एकदा घेऊन या. सिनियर माणसांना स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही."

"हो," मी म्हणाले, "आणते." मग तिथे उभी राहिले, एजंटला कंटाळा येईपर्यंत. पुराबद्दल मी त्याला काही विचारलं नाही.