बाबांच्या कोटाला पुन्हा मेण

महाड, २ ऑगस्ट १९७८, संध्याकाळ

उद्या कुडपणला जायचंच. वरच्या वाडीतल्या तान्ह्या पोरांना लस टोचायची आहे आणि नर्स मी एकटीच.

बाबा जंगलखात्यात होते. त्यांचा मेण चढवलेला कॅनव्हासचा कोट मी पावसात घालते. आईने काल तो सोडा घालून उकळला. म्हणे सुक्या बोंबलांचा वास येत होता! उकळल्यावर मेण राहणार कुठे? नुसतं पोतेरं झालं.

मग आज ड्युटीवरून आल्याआल्या मधाच्या पोळ्याचं मेण वितळवलं, चिंधीने कोटभर चोळलं, वर जुनं लुगडं पसरून कोळशाची इस्त्री फिरवली. तांब्याभर पाणी ओतून बघितलं. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं गेलं. फक्त उजव्या खांद्याची शिवण झिरपते. पुन्हा मेण भरलं तरी झिरपतेच. का?

आई दारातून बघत होती. मी चिडून विचारलं, "उकळल्यावर मेण जातं, ठाऊक नव्हतं तुला?"

"ठाव होतं," ती म्हणाली. "कोट नाय तर जाशील कशी, म्हणून उकळला गो."

कुडपणच्याच चढावर बाबा घसरले, परत उठले नाहीत. कोट तेव्हाच उजव्या खांद्यावर फाटला होता. ती शिवण आईच्या हातची.

तिच्यावर रागावू तरी कशी? पण जाणार. लशीची पेटी कोटाच्या आत, डाव्या खांद्याला अडकवीन. उजवा भिजला तर भिजू दे.