घासलेली नाणी

ट्रॉय, १४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या ह्यांचं वर्षश्राद्ध. त्यासाठी माझा धाकटा दीर दिनेश अल्फारेटाहून आलाय. "वहिनी, तुम्ही बसा" म्हणत त्याने पूजेची चांदीची भांडी टूथपेस्टने घासली, आणि त्याच उत्साहात ह्यांनी जमवलेली नाणीही घासली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली, एथेलरेड राजाची. त्यांच्यावरचा काळा थर पार गेला. ह्यांनी तो जिवापाड जपला होता. नाणं फक्त कडेने धरायचे, माझा ओला हात जवळ आला तरी ओरडायचे.

"दादाने किती काळी पडू दिली होती! बघा, आता नवी वाटतात."

नवीच वाटतात. एवढा शिकलेला माणूस, आणि अक्कल ही एवढी! आणि मी काय म्हणाले? "छान." का म्हणाले? तो एथेलरेडही माझ्यासारखाच. डेन लोक चालून आले की त्यांना चांदी देऊन वाटेला लावायचा, आणि ते पुन्हा यायचे, आणखी मागायचे. हे सांगताना ह्यांना हसू आवरायचं नाही. मला त्या राजाची कीवसुद्धा येत नाही.

तो काळा थर! चढायला हजार वर्षं लागली. दिनेशला तो काढायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरला.

चहा पिताना म्हणाला, "वहिनी, दादाची आठवण म्हणून एखादं नेऊ?"

"सगळीच न्या, भावजी. आठवण तुम्ही आधीच धुऊन टाकलीत."

तो मोठ्याने हसला, आणि डबी शोधायला उठला.